सीझन नसताना केनियाला

"जूनमध्ये? अगं, जूनमध्ये कोण जातं केनियाला?"

हा प्रश्न गेल्या महिन्याभरात मी निदान चार जणांकडून ऐकला. पहिला मान अर्थातच ताईचा. ताई आणि भाऊजी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये जाऊन आले, त्यामुळे आमच्या घराण्यात आफ्रिका या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात त्याचा भाऊजींनी काढलेला व्हिडिओ प्रत्येक लग्नकार्यात, पंगत बसायच्या आधी, एकदा तरी फिरतो. व्हिडिओ खरंच सुंदर आहे. पण प्राण्यांवरची नजर जरा बाजूला केली की काठावरच्या गाड्या दिसायला लागतात. मी एकदा मोजायला बसले होते. सव्वीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं.

तर आम्ही चौघं निघालोय. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि आई. जूनचा पहिला पंधरवडा. म्हणजे तिथला मोठा पाऊस नुकताच संपलेला आणि टूरवाल्यांचा सीझन अजून सुरू व्हायचा. प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावून सांगता सांगता दमले, म्हणून एकदाच इथे सगळं लिहून टाकते.

आधी हा "सीझन" म्हणजे काय ते बघू. विषुववृत्त केनियाच्या मधून जातं. वर्षातून दोनदा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टा एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे सरकतो. त्यामुळे पावसाळे दोन. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. मधले जानेवारी-फेब्रुवारी गरम आणि कोरडे, जून ते सप्टेंबर थंड आणि कोरडे. आपला उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्याचा हिशेब तिथे लागतच नाही. बरं, सगळा देश तरी एका वेळापत्रकाने चालतो का? तेही नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक महिन्यात पाऊस असतो. उत्तरेकडचं तुर्काना वर्षभर भाजलेलं. मोंबासाच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पाऊस मे महिन्यात, आणि जूनमध्येही तो पूर्ण थांबत नाही, शिवाय समुद्र खवळलेला. म्हणून आम्ही किनारा यादीतून काढूनच टाकला. लेक दोन दिवस रुसली होती, आता ठीक आहे.

मग टूरवाले ज्याला सीझन म्हणतात तो कुठला? तो केनियाचा नाहीच. तो मसाई मारा नावाच्या एका राखीव जंगलाचा आहे, सुमारे पंधराशे चौरस किलोमीटरच्या. खाली टांझानियात त्याला लागूनच सेरेंगेटी आहे, माऱ्याच्या जवळजवळ दहापट. तिथून लाखोंनी वाइल्डबीस्ट गवताच्या मागे मागे साधारण जुलैमध्ये माऱ्यात येतात आणि ऑक्टोबरच्या आसपास परत जातात. हा झाला सीझन. एका प्राण्याचं येणंजाणं, आणि त्याच्यावरून अख्ख्या देशाला चांगला काळ आणि वाईट काळ अशी लेबलं लावायची! आपल्याकडे कुणी म्हणालं की पंढरपूर फक्त आषाढीला बघण्यासारखं असतं, बाकीचे दिवस कशाला जायचं, तर आपण काय म्हणू?

आता पैशांचं. मारा नॅरोक काउंटीच्या ताब्यात आहे आणि तिथलं प्रवेशशुल्क २०२४ पासून बदललं. परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर. ३० जूनला आत असाल तर शंभर, १ जुलै उजाडला की दोनशे. सिंह तेच, गवत तेच. आम्ही चौघं, तीन दिवस. जूनमध्ये १२०० डॉलर, जुलैमध्ये २४००. फक्त गेटवर लाखाच्या वर फरक, आणि राहायचे दर चढतात ते वेगळेच. गंमत म्हणजे नोव्हेंबरात छोटा पाऊस कोसळत असतो, कळप निघून गेलेले असतात, तरी दर दोनशेच. म्हणजे हा दर पावसाकडे बघून ठरलेला नाही, एवढं तर नक्की.

पण "स्वस्त पडतं म्हणून जूनमध्ये चाललोय" असं मला म्हणायचं नाही. स्वस्त तर एप्रिल-मेसुद्धा आहे. तेव्हा काही कॅम्प चक्क बंद असतात आणि जे उघडे असतात ते "हिरवा सीझन" अशा गोड नावाने निम्म्या दरात खोल्या देतात. मला एका एजंटाने मे महिन्याचा पहिला आठवडा असाच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तो पावसाचा भर ओसरायच्या आधीचा काळ. २०२४ साली एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला केनियात जो पूर आला त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली. १ मे रोजी तालेक नदी पात्राबाहेर आली आणि माऱ्यातले कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तेव्हा पावसाच्या मध्यावर जाणं वेगळं आणि दोन सीझनच्या मधल्या फटीत जाणं वेगळं. ही फट बारीक आहे. साधारण मेचे शेवटचे दिवस ते जूनची अखेर. हा फरक एजंट सांगत नाही, तो आपणच पंचांग बघितल्यासारखा बघायचा.

फटीत गेल्याचे तोटे आहेतच, ते लपवत नाही. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, त्यात सिंहीण दहा फुटांवर बसली तरी दिसत नाही. आणि चिखल! माऱ्यातली बरीचशी जमीन काळ्या मातीची आहे, इंग्रजीत तिला जे नाव आहे त्यात कापूस आहे, म्हणजे आपल्या दख्खनची रेगूरच म्हणा ना. ज्याने परभणीकडे किंवा यवतमाळकडे पाऊस पडून गेल्यावर शेतात गाडी घातली आहे त्याला मी वेगळं काय सांगू? म्हणून गाडी चारही चाकं ओढणारीच हवी, छत उघडणाऱ्या व्हॅनवर पैसे वाचवायचे नाहीत. मेमध्ये पाऊस लांबला तर आमचेही एकदोन रस्ते बंद असणार. धरून चाललोय.

मग मिळतं काय? सिंह, बिबळे, हत्ती, जिराफ, तरस हे माऱ्याचे कायमचे रहिवासी. सिंहांचे कळप आपापला इलाखा धरून असतात, ते वाइल्डबीस्टच्या मागे टांझानियात जात नाहीत. धूळ बसलेली असते. आणि गाडीपुढे पंचवीस गाड्या नसतात. माझ्या मते मुख्य लाभ मात्र याहून वेगळा आहे. सीझनमध्ये जाणारा माणूस एक दृश्य बघायला जातो. ते दिसलं तर ट्रिप वसूल, नाही दिसलं तर फुकट. आणि ते ऑगस्टमध्येही हमखास नसतंच. भाऊजींनीच सांगितलंय, दोन दिवस काठावर सहा-सहा तास बसून होते, कळप यायचा, पाणी हुंगायचा, परत फिरायचा. तिसऱ्या दिवशी ओलांडली नदी. त्या दोन दिवसांत आणखी काय काय पाहिलंत असं मी विचारलं तर त्यांना काहीच आठवेना! मधल्या काळात कुणी कसलंच वचन दिलेलं नसतं, म्हणून माणूस जे समोर येईल ते बघतो.

ताईचं म्हणणं, "एवढ्या लांब जाऊन मुख्य गोष्टच बघायची नाही?" ताई, तुझ्यासाठी ती मुख्य होती, आणि तू ऑगस्टमध्ये गेलीस ते बरोबरच केलंस. ज्याला नदीच बघायची आहे त्याने ऑगस्टमध्येच जावं. माझं म्हणणं एवढंच की मुख्य काय ते ज्याचं त्याने ठरवावं, माहितीपत्रकाने नाही. माहितीपत्रकं तर अजून नकुरू सरोवर फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेलं छापतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या दरीतल्या सरोवरांचं पाणी इतकं वाढलं की नकुरूचा खारटपणा कमी झाला आणि त्यातले बरेचसे फ्लेमिंगो दुसरीकडे गेले. फोटो मात्र तोच.

आता आमची मुख्य गोष्ट सांगते. ती म्हणजे आई.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं तिने रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमधून भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर हिंद महासागर काढायचा आणि आफ्रिकेच्या कुशीतून विषुववृत्त ओलांडून, उजवीकडे वळून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येणारा बाण काढायचा. मोसमी वारे. हा बाण नुसता पुस्तकातला नाही. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं की हा वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर एका अरुंद पट्ट्यात वेगाने वाहतो, आणि पूर्व आफ्रिकेतलं डोंगराळ पठार त्याला भिंतीसारखं अडवून उत्तरेकडे वळवतं. केनियाच्या पूर्वेकडच्या सखल मुलखावरून तो जातो, सोमालियाच्या बाजूने समुद्रावर येतो आणि आपल्याकडे. मे महिन्यात तो जोर धरायला लागतो. तिथला मोठा पाऊस आटोपायला आणि आपल्याकडे मृगाची वाट बघायला साधारण एकच वेळ येते, ती उगीच नाही.

मी आईला ऑगस्ट की जून असं विचारलं, तर म्हणाली, "जून. आपला पाऊस निघतो तेव्हा तिथे असायला हवं." वाइल्डबीस्टचं नावसुद्धा नाही. पावसाच्या भीतीचं विचारलं तर हसली. "देवरुखात जन्म माझा. पावसाला काय घाबरायचं?"

म्हणून आमच्या आखणीत माऱ्याच्या आधी नान्युकी आहे. नैरोबीच्या उत्तरेला दोनशे किलोमीटरवर, माउंट केनियाच्या पायथ्याशी. विषुववृत्ताची पाटी तिथे आहे. तिथे घमेलं घेऊन काही जण उभे असतात, पाटीच्या एका बाजूला पाणी असं गोल फिरतं आणि दुसऱ्या बाजूला तसं, हे करून दाखवतात. ही शुद्ध हातचलाखी आहे, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वाऱ्याला वळवतो, घमेल्यातल्या पाण्याला नाही. आईने आधीच बजावलंय, "त्या माणसाला मी काही बोलणार नाही, पोटापाण्याचा धंदा आहे त्याचा. पण तुमच्यापैकी कुणी विश्वास ठेवलात तर बघा." :-)

हे सगळं गोड वाटतंय, पण सगळ्यात अवघड निर्णयही आईचाच होता आणि तो हवामानाचा नव्हता. यलो फीवर, म्हणजे पीतज्वर. केनिया त्या रोगाच्या देशांच्या यादीत आहे. भारतातून थेट जाताना तिकडे लशीचा दाखला मागत नाहीत, मागतात ते इथे परत येताना. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस एकदाच घ्यायची, २०१६ पासून दाखला जन्मभर चालतो, पण घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. इथपर्यंत सोपं. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्याला गंभीर त्रास होण्याची शक्यता, कमी असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. हे मला माहीतच नव्हतं. मी विमानाची तिकिटं काढायच्या बेतात होते, आमच्या डॉक्टरांनी थांबवलं.

ते चार दिवस वाईट गेले. एका बाजूला तिची इच्छा आणि दुसऱ्या बाजूला माझ्या हौसेपायी तिला काही झालं तर ही भीती. नवरा म्हणाला, "आपण दुसरीकडे कुठे जाऊ." डॉक्टरांनी तिची सगळी जुनी दुखणी, औषधं, ॲलर्जी विचारली, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि शेवटी म्हणाले, धोका फार नाही, पण शून्यही नाही, घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी म्हणजे आईने. हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण चार दिवस आम्ही सगळे ठरवत होतो, तिला वगळून. आई म्हणाली, "तीस वर्षं मुलांना सांगत आले, वारा इथून येतो म्हणून. एकदा बघून येते." सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रावर जाऊन लस घेतली. दोन दिवस अंग दुखलं, दंड सुजला. आता दहा दिवस उलटून गेलेत आणि ती पूर्ववत भाजीवाल्याशी भांडते आहे. तरी सांगते, घरात साठीच्या पुढचं कुणी नेणार असाल तर आधी डॉक्टर, मग लस, मग तिकीट. आम्ही उलट्या क्रमाने निघालो होतो. आणि "आपल्याला मलेरियाची सवय आहे" असं म्हणून गोळ्या टाळू नका. पावसानंतर डास वाढतात, आणि तिथला मलेरिया बहुतेक करून घातक जातीचा असतो. बाकी कागदपत्रं सोपी. जानेवारी २०२४ पासून व्हिसा नाही, त्याऐवजी निघायच्या आधी ऑनलाइन परवानगी काढायची.

आखणीबद्दल माझं एकच मत, ते ठासून सांगते. मधल्या काळात जायचं तर दिवस मोकळे ठेवा. एजंटाने सहा दिवसांत चार जंगलं बसवून दिली होती. कोरड्या दिवसांत जमेलही ते, ओल्या रस्त्यावर एक गाडी रुतली की पुढचं सगळं कोसळतं. आम्ही दहा दिवसांत नान्युकी, नैवाशा आणि मारा एवढंच ठेवलंय आणि दोन दिवस कोरे. त्या कोऱ्या दिवसांना काही नाही जमलं तर नैरोबीत शहराला चिकटून राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ पासूनचं, आईच्या कमरेला झेपेल असं. रेल्वेचं संग्रहालय आहे. मोंबासाहून निघालेल्या ज्या रेल्वेसाठी आपल्याकडून हजारो मजूर नेले होते, तिची गोष्ट तिथे आहे, आणि १९०० साली ज्या डब्यातून सिंहाने एका अधिकाऱ्याला ओढून नेलं तो डबाही. आणि हो, फराळाच्या पुड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, २०१७ पासून तिथे पिशव्यांवर बंदी आहे. मी चिवड्यासाठी जुने स्टीलचे डबे काढलेत.

शेवटी एक गोष्ट जी मला या सगळ्या वाचनात टोचत राहिली. आपण ज्याला "खराब हवामान" म्हणून टाळतो ते तिथल्या माणसांचं जगणं आहे. २०२० च्या अखेरीपासून तिकडे ओळीने पाच पावसाळे फसले, लाखो गुरं मेली. मसाई माणसाची संपत्ती म्हणजे गुरं. २०२३ च्या अखेरीस पाऊस आला तो पूर घेऊन. अशा देशात मोठा पाऊस नीट होऊन गेलाय, गवत उभं आहे, गुरं धष्टपुष्ट आहेत, तो काळ "ऑफ" कसा काय? ऑफ कुणासाठी? मराठवाड्यात कुणी पाहुणा येऊन म्हणाला, की अरेरे, नेमका पाऊस झाला, माझी सहल बिघडली, तर त्याला आपण पाण्याचा तांब्या देऊ का?

असो. जरा जास्तच बोलले. यंदाचा पाऊस लांबला तर आम्हीही चिखलात बसून ताईची आठवण काढू, आणि परत आल्यावर तसं कबूल करीन. वाइल्डबीस्ट दिसणार नाहीत हे आईला तीनदा सांगून झालंय. तिचं एकच उत्तर, "ते ताईच्या व्हिडिओत पाहिलेत की."

तिने कपाटातून जुना नकाशा काढलाय, कापडावर चिकटवलेला, घडीवर फाटलेला. तो न्यायचा म्हणते. आणि ताई, नैरोबी साडेपाच हजार फुटांवर आहे, जूनमध्ये संध्याकाळी गारठा असतो म्हणे. तुझा तो राखाडी स्वेटर आईला होईल. रविवारी येतेस तेव्हा घेऊन ये.